घटस्फोटानंतर अमेरिकी नागरिकत्व: तीन वर्षांची वाट बंद झाल्यावर काय करावे

तुमच्या प्रश्नातील वस्तुस्थिती थोडक्यात अशी आहे. पहिल्या पतीच्या निधनानंतर तुम्ही अमेरिकी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या गृहस्थांशी लग्न केले. १६ ऑगस्ट २०२१ रोजी मुलासह अमेरिकेत दाखल झालात आणि त्या दिवसापासून तुम्हा दोघांना दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळाले. आईच्या आजारपणामुळे ऑक्टोबर २०२२ ते १२ मे २०२३ असे सात महिने तुम्ही भारतात होतात. जुलै २०२३ मध्ये पतीसह कार्डावरील अट काढण्याचा आय-७५१ हा संयुक्त अर्ज भरला आणि तो अजून निकाली निघालेला नाही. मार्च २०२४ पासून तुम्ही वेगळे राहू लागलात, फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयाने घटस्फोट मंजूर केला आणि पूर्वपती आता ‘ग्रीन कार्ड रद्द करवीन’ अशी धमकी देत आहेत. अशा स्थितीत नागरिकत्वाचा अर्ज करता येतो का आणि कधी, हे तुम्हाला विचारायचे आहे.

अर्ज करता येतो. घटस्फोटामुळे नागरिकत्वाचा हक्क जात नाही; त्याने एवढेच होते की वर्षे मोजण्याची पद्धत बदलते, आणि ज्या लग्नाच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळाले ते लग्न खरे होते का, हा प्रश्न नव्याने विचारला जातो. तुमच्या प्रकरणातले सगळे काम या दोन गोष्टींभोवतीच आहे. धमकीचा मुद्दा आधीच निकालात काढतो. एकदा ग्रीन कार्ड मिळाल्यावर पूर्वपतीला ते ‘मागे घेण्याचा’ कोणताही अधिकार उरत नाही. तो यूएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याला, पत्र लिहू शकतो, आणि ते पत्र तुमच्या फाइलमध्ये लागूही शकते. पण निर्णय खाते पुरावा पाहून घेते.

अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराला ग्रीन कार्ड मिळाल्यापासून तीन वर्षांनी अर्ज करण्याची जी सवलत आहे, ती तुमच्यासाठी संपली आहे. त्या सवलतीसाठी अर्जाच्या आधीची सलग तीन वर्षे त्या नागरिकासोबत प्रत्यक्ष संसार चालू असावा लागतो, जोडीदार त्या संपूर्ण काळात नागरिक असावा लागतो आणि लग्न शपथविधीपर्यंत टिकावे लागते. हा शेवटचा भाग अनेकांना ठाऊक नसतो. अर्ज भरताना लग्न शाबूत होते, मुलाखतही उत्तीर्ण झाली, आणि शपथेच्या आधी न्यायालयाचा हुकूमनामा आला, तरी तीन वर्षांच्या नियमाखालची पात्रता गेली असे समजायचे. शपथविधीला जाताना एन-४४५ हा कागद भरून न्यावा लागतो आणि त्यातला पहिलाच प्रश्न, मुलाखतीनंतर तुमचे लग्न, घटस्फोट किंवा विभक्त होणे असे काही घडले आहे का, असा असतो. ‘आता दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे, सांगायचे कशाला’ असा सल्ला देणारे हितचिंतक समाजात भरपूर आहेत. महत्त्वाची बाब लपवून मिळवलेले नागरिकत्व पुढे कितीही वर्षांनी न्यायालयामार्फत काढून घेता येते, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेले नसते.

जे अजून कायद्याने विवाहित आहेत पण वेगळे राहतात, त्यांनीही तीन वर्षांचा नियम वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कायदेशीर विभक्ततेचा आदेश झाला असेल तर संसार तुटलाच असे धरले जाते. आदेश नसेल तर अधिकारी परिस्थिती पाहून ठरवतात, पण दोन पत्ते, दोन भाडेकरार आणि दोन वीजबिले असताना ‘आम्ही एकत्र आहोत’ असे शपथेवर लिहिणे हा स्वतःहून ओढवून घेतलेला धोका आहे. त्यासोबत घटस्फोटित व्यक्तीने दुसऱ्या अमेरिकी नागरिकाशी लग्न केले, तर जुनी वर्षे नव्या लग्नात जमा होत नाहीत. नव्या जोडीदारासोबतची तीन वर्षे पहिल्या दिवसापासून मोजावी लागतात.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा आहे आणि संकोचापोटी तो सर्वांत कमी वापरला जातो. नागरिक जोडीदाराने मारहाण किंवा आत्यंतिक क्रूरता केली असेल आणि त्या आधारावर ग्रीन कार्ड मिळाले असेल किंवा त्यावरची अट काढली गेली असेल, तर घटस्फोटानंतरही तीन वर्षांचाच नियम लागू राहतो आणि एकत्र राहण्याची अट लागत नाही. ही तरतूद २००० सालच्या कायद्याने आली. क्रूरता म्हणजे फक्त शारीरिक मारहाण नव्हे. पासपोर्ट काढून घेणे, पैसे हाती न देणे, घराबाहेर जाऊ न देणे, हद्दपारीची धमकी वारंवार देऊन धाकात ठेवणे अशा वागण्याचाही त्यात विचार होतो. अशा प्रकरणात केवळ छळ करणाऱ्याने पुरवलेल्या माहितीवर विसंबून खात्याला विरुद्ध निर्णय घेता येत नाही. तुमच्या पत्रात असा उल्लेख नाही, म्हणून इतर ग्रीन कार्डधारकांना लागू असलेला, कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षांनी अर्ज करण्याचा नियम धरून मी पुढे लिहितो. मात्र तसे काही घडले असेल, तर पुढचे सगळे वाचण्याआधी वकिलाला ते स्पष्ट शब्दांत सांगा, कारण मग मार्गच वेगळा होतो.

आता आय-७५१. सशर्त ग्रीन कार्डवरील अट काढण्यासाठी दोघांनी मिळून हा अर्ज करायचा असतो, कारण ग्रीन कार्ड मिळाले त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नव्हती. अर्ज प्रलंबित असताना घटस्फोट झाला तर नवा अर्ज आणि नवे शुल्क भरण्याची गरज नसते. संयुक्त अर्जाचे रूपांतर ‘संयुक्त सहीच्या अटीतून सूट’ मागणाऱ्या अर्जात करावे, अशी लेखी विनंती पावती क्रमांकासह आणि घटस्फोटाच्या अंतिम हुकूमनाम्याच्या प्रतीसह पाठवायची. तुमचा घटस्फोट होऊन बराच काळ गेला आहे आणि पत्रावरून तुम्ही ही विनंती अजून केलेली दिसत नाही. सर्व कामे बाजूला ठेवून हे आधी करा. खात्याने उद्या तुम्हा दोघांना एकत्र मुलाखतीला बोलावले आणि तिथे घटस्फोट पहिल्यांदा उघड झाला, तर ते चांगले दिसत नाही. अर्जाची पावती कार्डाची मुदत ४८ महिने वाढवते, म्हणजे तुमच्या बाबतीत ऑगस्ट २०२७ पर्यंत. कार्डावरची तारीख उलटली आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण ती पावती कार्डाइतकीच जपा.

ज्यांचा घटस्फोट अजून न्यायालयात आहे त्यांची अडचण वेगळी असते. सूट मागण्यासाठी अंतिम हुकूमनामा लागतो, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात प्रतिवादीला नोटीस बजावल्यापासून किमान सहा महिने गेल्याखेरीज तो मिळतच नाही. कार्डाची मुदत त्याआधी संपत असेल तर सूट मागणारा अर्ज वेळेत दाखल करावा आणि दावा चालू असल्याचे कागद जोडावेत; खाते सहसा हुकूमनामा सादर करण्यासाठी पत्र पाठवते आणि मुदत देते. सूट मागणाऱ्या अर्जाला, संयुक्त अर्जासारखी, कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांची चौकट लागू नसते. हुकूमनामा हाती आला की तो केव्हाही करता येतो. दहा वर्षांचे कार्ड असलेल्या घटस्फोटितांना यातले काहीच करावे लागत नाही. त्यांनी थेट पाच वर्षांचा हिशेब करावा.

सूट मागणाऱ्या अर्जात सिद्ध करायचे असते ते एकच: लग्न केले तेव्हा संसार करण्याचा खरा हेतू होता. लग्न का मोडले, चूक कोणाची, हे सिद्ध करायचे नसते. तरीही माझ्याकडे येणारी बहुतेक प्रतिज्ञापत्रे पूर्वपतीच्या दोषांनी भरलेली असतात आणि पहिल्या दोन वर्षांच्या संसाराबद्दल त्यात दोन ओळीही नसतात. अधिकाऱ्याला हवे असते ते नेमके त्या दोन वर्षांचे चित्र: लग्न कसे ठरले, कोण कोण हजर होते, अमेरिकेत आल्यावर कोणत्या घरात राहिलात, भाडे कोण भरत होते, मुलाच्या शाळेत आपत्कालीन संपर्क म्हणून कोणाचे नाव होते, आजारपणात दवाखान्यात कोण घेऊन गेले. भांडण कधी सुरू झाले आणि ते मिटवण्याचा काय प्रयत्न झाला, समुपदेशकाकडे गेला होतात का, घरातल्या वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली का, हेही लिहावे. मोडलेल्या लग्नात मिटवामिटवीचे प्रयत्न हा खरेपणाचा उत्तम पुरावा असतो, कारण कागदोपत्री लग्न वाचवायला कोणी समुपदेशकाचे पैसे भरत बसत नाही.

कागदपत्रांबाबत खरी घाई वेगळ्याच कारणासाठी आहे. घटस्फोट होताच संयुक्त बँक खाते बंद होते, विम्यातून नाव निघते, भाडेकरार बदलतो, सामायिक फोनचे खाते तुटते, आणि त्यासोबत त्या जुन्या नोंदी ऑनलाइन पाहण्याचा तुमचा मार्गही बंद होतो. म्हणून आज ज्या खात्यात शिरता येते त्यातील ऑगस्ट २०२१ ते मार्च २०२४ पर्यंतची सर्व विवरणपत्रे उतरवून घ्या. संयुक्त प्राप्तिकर विवरणपत्रांची प्रत पूर्वपतीकडे मागत बसू नका. तुमच्या नावावरच्या विवरणपत्रांच्या नोंदी आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याकडून, तुम्हाला स्वतंत्रपणे मिळतात, आणि अधिकाऱ्यांच्या दृष्टीने त्यांचे वजन घरच्या प्रतीपेक्षा जास्त असते. आरोग्यविम्याच्या कंपनीकडे कोण कोण विमाधारक होते याचे पत्र मागता येते. घरमालकाकडे जुना करार असतो. छायाचित्रे द्यावीत, पण लग्नाच्या दिवशीची पन्नास देण्यापेक्षा वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या ठिकाणची, दोन्हीकडची माणसे दिसतील अशी मोजकी द्यावीत.

याच जोडीला तुमच्या संपूर्ण इमिग्रेशन फाइलची प्रत माहिती अधिकाराच्या अर्जाने मागवून घ्या. हा अर्ज ऑनलाइन करता येतो. मूळ अर्ज पूर्वपतीने भरला होता, त्यात त्याने लग्नाविषयी, आपल्या आधीच्या लग्नाविषयी आणि तुमच्या भेटीविषयी काय लिहिले हे अनेक स्त्रियांना माहीतच नसते. तेव्हा त्या स्त्रियांनी पुढ्यात आलेल्या कागदावर नुसती सही केलेली असते. तुमची आजची उत्तरे त्या कागदांशी पडताळली जाणार आहेत.

आता एका अशा कागदाबद्दल, ज्याकडे इमिग्रेशनचे वकीलही उशिरा लक्ष देतात: घटस्फोटाचा दावा. न्यू जर्सीत ‘न मिटणारे मतभेद’ या कारणावर घटस्फोट मागताना ते मतभेद किमान सहा महिने चालू असल्याचे सांगावे लागते, आणि दाव्यात बहुधा एक तारीख लिहिली जाते. कौटुंबिक न्यायालयाच्या दृष्टीने ती तारीख थोडी मागे गेली तरी बिघडत नाही. तुमच्या बाबतीत मात्र दाव्यात ‘जानेवारी २०२३ पासून संसार संपुष्टात आला’ असे लिहिले असेल आणि जुलै २०२३ च्या संयुक्त अर्जात ‘आम्ही एकत्र राहतो’ असे शपथेवर म्हटले असेल, तर इमिग्रेशनच्या मुलाखतीत नेमके त्याच दोन कागदांवर बोट ठेवले जाईल. विसंगती असेल तर तिचे खरे स्पष्टीकरण आधीच लेखी तयार ठेवा. मतभेद सुरू होणे आणि घर वेगळे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक वेळा स्पष्टीकरण तेवढेच असते. ज्यांचा दावा अजून दाखल व्हायचा आहे त्यांनी कौटुंबिक वकिलाचा मसुदा इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवूनच पुढे जावे. समोरचा पक्ष घटस्फोटाऐवजी फसवणुकीच्या कारणावर लग्न रद्दबातल ठरवून मागत असेल, तर ‘लवकर सुटका होते’ म्हणून त्याला संमती देणे फार महागात पडू शकते.

हे सगळे नागरिकत्वाच्या वेळी का लागते, असे तुम्हाला वाटेल. कारण नागरिकत्व मागणाऱ्याने आपले ग्रीन कार्ड मुळात कायदेशीररीत्या मिळाले होते हेही सिद्ध करायचे असते. दहा वर्षांचे कार्ड हाती आले, त्यालाही काही वर्षे झाली, तरी एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज टाकताच जुनी फाइल टेबलावर येते. मुलाखतीत अधिकारी आधी शपथ देतो, मग अर्जातल्या ओळी एकेक करून वाचतो, आणि वैवाहिक इतिहासापाशी आल्यावर थांबतो. पहिली भेट कुठे झाली, लग्नाला त्यांच्याकडचे कोण आले होते, घरातून नेमके कोणत्या महिन्यात बाहेर पडलात, त्यानंतर कुठे राहिलात, आता त्यांच्याशी बोलणे होते का, असे प्रश्न येतात. सूर चौकशीचा असला तरी त्यात शत्रुत्व नसते. उत्तरे खरी, छोटी आणि तारखांशी जुळणारी असावीत. तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाज ठोकून देण्यापेक्षा ‘साधारण मार्चमध्ये, नक्की दिवस आठवत नाही’ असे सांगावे. लहानशा गोष्टीतही शपथेवर मुद्दाम खोटे बोलल्याचे आढळले तर केवळ त्या खोटेपणामुळे अर्ज फेटाळला जाऊ शकतो, मग मूळ गोष्ट निरुपद्रवी का असेना.

आय-७५१ प्रलंबित आहे म्हणून एन-४०० थांबवण्याची गरज नाही. तो स्वतंत्रपणे भरता येतो. फक्त आय-७५१ मंजूर झाल्याशिवाय नागरिकत्वाचा अर्ज मंजूर होत नाही, आणि पुष्कळदा दोन्हींची मुलाखत एकत्रच होते. त्यामुळे सोबत पुराव्याची पूर्ण फाइल घेऊन जायचे.

आता तुमच्या तारखा. पाच वर्षांची मोजणी कार्डावर छापलेल्या ‘या दिवसापासून रहिवासी’ या तारखेपासून होते. सशर्त कार्डाची दोन वर्षे त्यात पूर्ण धरली जातात. दहा वर्षांचे कार्ड हाती आल्यापासून मोजणी सुरू होते, हा गैरसमज मी फार वेळा ऐकतो. १६ ऑगस्ट २०२१ पासून पाच वर्षे १६ ऑगस्ट २०२६ ला पूर्ण होतात आणि त्याच्या ९० दिवस आधी, म्हणजे १८ मे २०२६ पासून अर्ज स्वीकारला जातो. अगदी त्याच दिवशी अर्ज टाकण्याचा मोह टाळावा. एक दिवस जरी लवकर झाला तरी अर्ज फेटाळला जातो. त्याशिवाय त्या पाच वर्षांत किमान तीस महिने अमेरिकेत प्रत्यक्ष उपस्थिती हवी, ती तुमची सहज भरते, आणि अर्जाआधी तीन महिने त्याच राज्यात वास्तव्य हवे. घटस्फोटानंतर नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला असाल तर ही शेवटची अट विसरू नका.

अडचण त्या सात महिन्यांची आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त पण एक वर्षापेक्षा कमी काळ बाहेर राहिल्यास सलग वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक पुराव्याने खोडून काढता येते. नोकरी सोडली नव्हती, भारतात दुसरी नोकरी धरली नाही, अमेरिकेतले घर तुमच्यासाठी उघडेच होते आणि जवळचे कुटुंब अमेरिकेत होते, या चार गोष्टींना कायद्याने महत्त्व दिलेले आहे. तुमचे प्रकरण इथे बरे दिसते, कारण त्या काळात तुम्ही नोकरीतून बिनपगारी रजेवर होता आणि पती न्यू जर्सीतल्या सामायिक घरातच राहत होते. लग्न पुढे मोडले असले तरी त्या वेळी ते तुमचे जवळचे कुटुंब होते, आणि त्यांच्या नावासह तुमचे नाव असलेला भाडेकरार आता दोन कामांना उपयोगी पडतो: संसाराच्या खरेपणालाही आणि वास्तव्याच्या सलगपणालाही. नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र, आईच्या उपचारांचे कागद, परतीचे मूळ तिकीट आणि त्यातील बदल, हे सारे जमा करा. पुरावा कच्चा वाटला तर दुसरा मार्ग थांबण्याचा आहे. परतल्यापासून साडेचार वर्षे, म्हणजे तुमच्या हिशेबाने नोव्हेंबर २०२७ चा मध्य उलटल्यावर अर्ज केला, तर मागच्या पाच वर्षांच्या चौकटीत त्या गैरहजेरीचा सहा महिन्यांहून कमी भाग उरतो आणि गृहीतकच लागू होत नाही. रजेचे पत्र हाती असेल तर मी २०२६ मध्ये अर्ज करायला सांगेन. ते मिळत नसेल तर थांबायला सांगेन. एक वर्ष किंवा अधिक काळ बाहेर राहिलेल्यांना मात्र असा युक्तिवाद करायला जागा नसते. त्यांना परतल्यापासून चार वर्षे आणि एक दिवस थांबावेच लागते.

पाच वर्षांच्या काळातील चांगल्या वर्तनाची तपासणी सर्वांचीच होते, पण घटस्फोटितांच्या बाबतीत तिला काही खास कोपरे असतात. मुलांचा निर्वाहखर्च न देणे हा नियमांत नाव घेऊन सांगितलेला दोष आहे. ज्यांच्यावर अशी जबाबदारी आहे त्यांनी थकबाकी मिटवून भरण्याच्या पावत्या सोबत न्याव्यात. लग्न चालू असताना ज्या विवाहबाह्य संबंधामुळे ते लग्न मोडले, असा संबंधही नियमांत आहे, आणि घटस्फोटाच्या दाव्यात पक्षकार एकमेकांवर रागाच्या भरात जे आरोप लिहितात ते इथे वाचले जाऊ शकतात. प्राप्तिकर विवरणपत्रात स्वतःला ‘अविवाहित’ दाखवण्याची चूक विभक्त राहणाऱ्यांकडून नेहमी होते. राज्याच्या कायद्याने तुम्ही विवाहित असाल तर ती दुरुस्त करून घ्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये खात्याने अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचनेनुसार केवळ दोष नसणे पुरेसे मानायचे नाही, अर्जदाराची समाजातील चांगली बाजूही पाहायची आहे. म्हणून नियमित नोकरी, कर, मुलाचे संगोपन, स्वयंसेवी काम यांचे कागद असतील तर जोडावेत.

घरातल्या भांडणात कधी पोलिस आले असतील, कोणाला अटक झाली असेल किंवा न्यायालयाने तुमच्याविरुद्ध संरक्षण आदेश काढला असेल, तर ऑनलाइन अर्ज स्वतः भरू नका. खटला रद्द झाला, नोंद पुसली गेली, तरी एन-४०० मध्ये ते सांगावे लागते. कौटुंबिक हिंसेच्या गुन्ह्यातील दोषसिद्धी आणि काही परिस्थितीत संरक्षण आदेशाचा भंग ही हद्दपारीची कारणे आहेत, त्यामुळे अशा माणसाने नागरिकत्वाचा अर्ज करणे म्हणजे खात्याचे लक्ष स्वतःकडे वेधणे होऊ शकते.

तुमच्या मुलाबाबत चांगली बातमी अशी की त्याला वेगळा अर्ज लागणार नाही. ग्रीन कार्डधारक मूल अठरा वर्षांच्या आत असताना, कायदेशीर आणि प्रत्यक्ष ताबा असलेली आई नागरिक झाली, तर मूल त्याच क्षणी कायद्याने नागरिक होते. सावत्र वडील नागरिक होते यामुळे त्याला नागरिकत्व मिळालेले नव्हते, कारण दत्तकविधान झालेले नाही. ते मिळेल तुमच्यामुळे. तो आज अकरा वर्षांचा आहे, म्हणजे २०२७ पर्यंत थांबलात तरी वय आड येणार नाही. मात्र आय-७५१ मध्ये त्याचे नाव होते का ते तपासा, कारण त्याचेही कार्ड सशर्त आहे. पहिल्या पतीचा मृत्यूचा दाखला आणि तुमच्या पहिल्या लग्नाचे प्रमाणपत्र मुलाच्या फाइलमध्ये ठेवा.

आर्थिक बाजूचा एक मुद्दा वाटाघाटीत उपयोगी पडतो. पूर्वपतीने तुमच्यासाठी भरलेले आय-८६४ हे आधाराचे हमीपत्र घटस्फोटाने संपत नाही. तुम्ही नागरिक होईपर्यंत, किंवा सामाजिक सुरक्षेच्या हिशेबाने कामाचे चाळीस तिमाही जमा होईपर्यंत, किंवा तुम्ही कायमच्या देश सोडेपर्यंत ती जबाबदारी टिकते. म्हणजे तुमच्या नागरिकत्वात अडथळा आणणारा माणूस स्वतःचीच जबाबदारी लांबवत असतो. त्याच्या वकिलाला ही गोष्ट एकदा समजावून सांगितली की धमक्या बऱ्याचदा थंडावतात.

पुनर्विवाहाचा विचार असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. लग्नाच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळालेल्या व्यक्तीने पाच वर्षांच्या आत नव्या जोडीदारासाठी अर्ज केला, तर पहिले लग्न खरे होते हे तिला अधिक कडक कसोटीने सिद्ध करावे लागते. नागरिक झाल्यावर ही अट राहत नाही. भारतातल्या पूर्वीच्या जोडीदाराशीच पुन्हा लग्न करणाऱ्यांची प्रकरणे सर्वांत बारकाईने तपासली जातात आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

उरलेल्या गोष्टी साध्या आहेत, पण घोटाळा बहुधा त्यांतच होतो. घर बदलल्यापासून दहा दिवसांत खात्याला नवा पत्ता कळवावा लागतो. घटस्फोटित अर्जदाराची मुलाखतीची नोटीस जुन्या घरी जाते, तिथे राहणारी व्यक्ती ती तुमच्यापर्यंत पोहोचवेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही, आणि हजर न राहिल्याने अर्ज बंद होतो. ऑनलाइन खात्याचा ईमेल आणि परवलीचा शब्द पूर्वपतीने तयार केला असेल तर आजच स्वतःचे नवे खाते उघडा. हुकूमनाम्यात माहेरचे आडनाव परत घेण्याची परवानगी असेल तर त्याच नावाने अर्ज करता येतो. शुल्क ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर आणि कागदी अर्जाला ७६० डॉलर आहे; मर्यादित उत्पन्न असेल तर ते ३८० डॉलरपर्यंत कमी होते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर अर्ज करणाऱ्यांना नवी नागरिकशास्त्र चाचणी आहे: १२८ प्रश्नांच्या संचातून २० पर्यंत विचारले जातात आणि १२ बरोबर यावे लागतात.

शपथ घेताच भारतीय नागरिकत्व कायद्याने आपोआप संपते, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो रीतसर जमा करून प्रमाणपत्र घ्यायचे. ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो त्या कार्डाचा, अर्ज करताना ते ‘पूर्वी भारतीय नागरिक’ या स्वतःच्या आधारावर मागा. जोडीदाराच्या आधारावर घेतलेले ओसीआय घटस्फोटानंतर टिकत नाही, स्वतःच्या आधारावरचे टिकते. मुलासाठी वेगळा अर्ज करावा लागेल आणि त्यात पहिल्या पतीच्या मृत्यूचा तोच दाखला पुन्हा मागितला जाईल.